जुन्या रोटरी स्पोर्ट्स कारसाठी दुसरं इंजिन निवडताना

माझदाच्या आरएक्स-७ किंवा आरएक्स-८चं रोटरी (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं) इंजिन गेलं की मालक त्याच रात्री दुसरं इंजिन शोधायला बसतो. घोळ तिथूनच सुरू होतो. इंजिन येऊन गॅरेजच्या कोपऱ्यात पडतं आणि मग एकेक गोष्ट उघडी पडते. जुन्या इंजिनाची फक्त कॉइल गेलेली असते. किंवा नव्या इंजिनाच्या रोटरशी आपलं फ्लायव्हील जुळत नाही. किंवा ज्या चोंदलेल्या रेडिएटरने आधीच्या इंजिनाचा बळी घेतला, तोच पुसून पुन्हा पुढे बसवलेला असतो.

हा लेख १९७८ ते २०१२ या काळातल्या माझदाच्या दोन रोटरच्या स्पोर्ट्स गाड्यांसाठी आहे. पहिले तीन टप्पे तुमच्याच गाडीवर करायचे आहेत, चौथ्यात निर्णय आहे, पाचव्या-सहाव्यात समोरच्या इंजिनाची तपासणी आणि जुळणी. पैसे सातव्या टप्प्यात द्यायचे. हा क्रम मोडू नका.

## टप्पा १: इंजिन खरंच गेलंय का?

रोटरी इंजिन संपलं असं वाटावं, पण ते धडधाकट असावं, असे तीन प्रकार नेहमी दिसतात.

पहिला, पेट्रोल तुंबणं. थंड गाडी चालू केली, जरा पुढे-मागे करून लगेच बंद केली, की पुढच्या वेळी ती चालू व्हायला तयार नसते. आत साचलेलं पेट्रोल रोटरच्या कडा हवाबंद ठेवणाऱ्या सीलांवरचा तेलाचा थर धुऊन टाकतं आणि कंप्रेशन पडतं. अशा वेळी फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इग्निशन तोडा, प्लग काढा आणि थोडा थोडा वेळ सेल्फ मारून आतलं पेट्रोल बाहेर फेकू द्या. मग प्लगच्या भोकातून प्रत्येक रोटरला चमचाभर इंजिन ऑइल सोडा, कोरडे प्लग लावा, काढलेलं सगळं परत जोडा आणि पुन्हा प्रयत्न करा. पहिली काही मिनिटं भरपूर धूर येईल, त्याला घाबरू नका.

दुसरा, मंद सेल्फ. आरएक्स-८च्या सुरुवातीच्या गाड्यांचा स्टार्टर कमजोर होता, पुढे माझदाने जास्त वेगाने फिरवणारा स्टार्टर दिला. इंजिन पुरेशा वेगाने फिरलंच नाही तर चांगलं इंजिनही चालू होत नाही, आणि गरम असताना तर मुळीच नाही.

तिसरा, कॉइल. आरएक्स-८ला चार कॉइल असतात. त्यातली एखादी मरत आली की गाडी मिसिंग करते, ताकद जाते आणि लोक म्हणतात, ‘इंजिन बसलं.’ कॉइल, वायरी आणि प्लग बदलणं हे इंजिन बदलण्याच्या मानाने किरकोळ काम आहे. ते आधी करा.

यानंतर कंप्रेशन टेस्ट. ती चुकीच्या पद्धतीने केली तर न केलेली बरी, म्हणून इथे जरा थांबतो.

प्रत्येक रोटरला तीन बाजू असतात आणि तिन्ही एकाच प्लगच्या भोकासमोरून एकामागून एक जातात. साधा पिस्टन इंजिनाचा कंप्रेशन गेज त्या तिघींतला सर्वांत मोठा आकडा धरून ठेवतो. म्हणजे दोन बाजू मेलेल्या असल्या तरी गेज तिसरीचा चांगला आकडा दाखवून तुम्हाला खूश करतो. तीन बाजूंचे वेगळे आकडे आणि फिरण्याचा वेग नोंदवणारा रोटरीचा खास टेस्टर मिळवा, किंवा तो असलेल्या गॅरेजात जा. तो नसेलच तर साध्या गेजमधला एकमार्गी व्हॉल्व्ह काढून टाका आणि सेल्फ मारताना सुईचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या. सावकाश चालवून पाहिला की सुईच्या तीन उड्या दिसतात. त्या एकसारख्या आहेत का, एवढंच यातून कळतं. नेमका आकडा सांगायला ही युक्ती पुरत नाही.

टेस्टचा क्रम:

१. इंजिन चालत असेल तर पूर्ण गरम करा.
२. इंधन आणि इग्निशन दोन्ही तोडा.
३. ज्या रोटरची टेस्ट आहे त्याचा एकच प्लग काढून तिथे टेस्टर लावा, त्याचा दुसरा प्लग जागेवर राहू द्या.
४. बॅटरी पूर्ण चार्ज असावी. शंका असेल तर दुसरी बॅटरी जोडा.
५. ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबून सेल्फ मारा आणि आकड्यांसोबत वेगही लिहा.

माझदाचे आकडे मिनिटाला २५० फेरे या वेगासाठी आहेत. आरएक्स-८च्या रेनेसिस इंजिनासाठी ८.५ किलो प्रति चौरस सेंमी हे प्रमाण आणि ६.९ ही किमान मर्यादा. एफसी (दुसरी पिढी) आणि एफडी (तिसरी पिढी) आरएक्स-७साठी किमान ६.०, म्हणजे साधारण ८५ पीएसआय. एकाच रोटरच्या तीन बाजूंमध्ये १.५ पेक्षा जास्त फरक चालत नाही. रेनेसिसमध्ये दोन रोटरमधला फरक १.०च्या आत हवा.

आकड्यांचा नमुना काय सांगतो तेही पाहा. एपेक्स सील हे रोटरच्या टोकावरचं, दोन शेजारच्या बाजूंमधलं कुंपण आहे. ते तुटलं की त्या दोन्ही बाजू एकदम पडतात आणि तिसरी बऱ्यापैकी राहते. फक्त एकच बाजू कमी असेल तर संशय साइड सील किंवा कॉर्नर सीलवर. सगळे सहा आकडे सारखेच कमी असतील तर झीज असू शकते, तुंबलेलं पेट्रोल असू शकतं किंवा नुसता मंद सेल्फ. म्हणून वेगाची नोंद नसलेला आकडा मी वाचतही नाही.

तपासा: सहा आकडे, वेग, आणि इंजिन गरम होतं की थंड, हे सगळं कागदावर आहे का? नसेल तर टप्पा २ कडे जाऊ नका.

## टप्पा २: ते कशामुळे गेलं?

हा टप्पा सगळ्यात जास्त वगळला जातो, आणि दुसरं इंजिन लवकर जाण्याचं कारणही बहुतेक वेळा हेच असतं.

इंजिन तापलं होतं का? रोटर हाउसिंग ॲल्युमिनियमचं आणि साइड प्लेटा लोखंडाच्या असतात. दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि मधल्या पाण्याच्या सीलवर ताण येतो. सील गेलं की सकाळी पहिल्यांदा चालू करताना पांढरा धूर, फिलरच्या तोंडाशी सतत बुडबुडे, आणि कुठे गळती न दिसता कमी होणारं कूलंट. खात्री करायची तर कूलिंग सिस्टिमला हवेचा दाब देऊन गाडी रात्रभर ठेवा आणि सकाळी प्लग काढून आत कूलंट उतरलंय का बघा. कारण सापडलं तर पुढची यादी लिहून ठेवा: रेडिएटर, थर्मोस्टॅट, पंप, फॅन क्लच किंवा फॅनचा रिले, सगळे होज. एफडीमध्ये टर्बोजवळची प्लास्टिकची हवा वेगळी करणारी टाकीही यादीत घ्या. ती वयाने तडकते आणि कूलंट सोडते.

एपेक्स सील तुटलं होतं का? टर्बो गाडीत बहुतेक वेळा यामागे डिटोनेशन (मिश्रण अवेळी स्फोटासारखं पेटणं) असतं. त्याची कारणं म्हणजे पेट्रोल कमी पडणं, बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) प्रमाणाबाहेर जाणं, टायमिंग चुकणं किंवा हलकं पेट्रोल. सायलेन्सर मोकळा करून बूस्ट वाढला आणि पंप-इंजेक्टर मात्र जुनेच राहिले, हा नेहमीचा प्रकार. तुटलेल्या सीलचा तुकडा बाहेर पडताना टर्बाइनच्या पात्यांतून जातो. टर्बो काढून पाती भिंगाने पाहा. एका पात्याची कड चेपलेली दिसली तरी तो टर्बो तसाच नव्या इंजिनावर लावू नका.

तेलाची बाजू. बेअरिंग गेलं असेल तर धातूचा चुरा ऑइल कूलरमध्ये आणि लायनींमध्ये बसलेला असतो. नव्या इंजिनाच्या पहिल्याच मिनिटात तो बेअरिंगपर्यंत पोचतो. कूलर धुऊन घेणं हा निम्मा उपाय आहे. चुरा सापडला असेल तर मी सरळ कूलर बदलायला सांगेन. शिवाय ऑइल मीटरिंग पंप चालतो का, त्याच्या नळ्या तुटलेल्या किंवा चोंदलेल्या आहेत का, हेही बघा. सीलांना तेल पोचवणारा तोच आहे.

राहिला कॅटलिटिक कन्व्हर्टर. मरत आलेल्या कॉइलमुळे न जळालेलं पेट्रोल त्यात जाऊन जळतं, आतली जाळी वितळते, एक्झॉस्ट कोंडतो आणि इंजिन आतून भाजत राहतं. आरएक्स-८मध्ये कॉइलचं दुखणं असं इंजिनापर्यंत पोचतं.

सावधान: कारण सापडलं नाही आणि तरी इंजिन घ्यायचं असेल, तर वरच्या चारही याद्यांचा खर्च धरून चाला.

## टप्पा ३: गाडीत आत्ता कोणतं इंजिन आहे?

या गाड्या आता इतक्या हातांतून गेल्यात की कागदावरचं इंजिन बॉनेटखाली असेलच असं नाही. इंजिनावर कोरलेला नंबर, मॅनिफोल्ड, ईसीयूचा (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचा) नंबर आणि हार्नेस (वायरिंगचा जुडगा) ही चारही माहिती एकमेकांशी जुळते का ते पाहा.

ढोबळ ओळख अशी. पहिल्या पिढीच्या आरएक्स-७मध्ये १,१४६ सीसीचं १२ए, आणि १९८४-८५च्या जीएसएल-एसई प्रकारात १,३०८ सीसीचं इंजेक्शनवालं १३बी. एफसीमध्ये विनाटर्बो सहा-पोर्ट (हवा आत घेणाऱ्या सहा वाटांचं) १३बी किंवा टर्बो चार-पोर्ट १३बी. त्यातही १९८६-८८ची मालिका आणि १९८९ नंतरची मालिका वेगळ्या. एफडीमध्ये दोन टर्बोचं १३बी-आरईडब्ल्यू. आरएक्स-८मध्ये रेनेसिस म्हणजे १३बी-एमएसपी, चार-पोर्ट किंवा सहा-पोर्ट. आरएक्स-८च्या ऑटोमॅटिक गाड्यांत सुरुवातीला चार-पोर्ट होतं, पुढे सहा-पोर्टही आलं. तेव्हा नुसत्या गिअरबॉक्सवरून इंजिन ओळखू नका.

कंप्रेशनचं गुणोत्तरही लिहून ठेवा: एफसी विनाटर्बो ९.४ आणि नंतर ९.७, एफसी टर्बो ८.५ आणि नंतर ९.०, एफडी ९.०, रेनेसिस १०.०. टर्बो लावायचा विचार डोक्यात असेल तर हा आकडा पुढे उपयोगी पडतो.

## टप्पा ४: कोणत्या जातीचं इंजिन घ्यायचं?

पर्याय पाच आहेत, पण पाचही सगळ्यांसाठी नाहीत.

आपलंच इंजिन उघडून नव्याने बांधणं. रोटर हाउसिंगचा क्रोम आणि साइड प्लेटा चांगल्या असतील तर माझी पहिली पसंती हीच. सगळं जुळतं, नंबर बदलत नाही, आतलं काय आहे ते स्वतः पाहता येतं. अडचण एकच: उघडल्याशिवाय खर्चाचा अंदाज येत नाही. हाउसिंगच्या कडेचा क्रोम उडालेला असेल किंवा तुटक्या सीलने खोल चर पाडली असेल, तर ते हाउसिंग बाद, आणि खर्चाचा मोठा वाटा हाउसिंगचाच असतो.

बांधलेलं इंजिन, जुनं देऊन. गाडी लवकर रस्त्यावर हवी असेल तर ठीक. बांधणाऱ्याला विचारा: हाउसिंग नवी की वापरलेली, प्लेटा घासून घेतल्या का, सील कोणत्या कंपनीचे, रोटरमधले बेअरिंग बदलले का. ‘सगळं नवीन टाकलंय’ हे उत्तर नव्हे. सुट्या भागांचे फोटो आणि मोजमापं मागा. देणारा देतो.

वापरलेलं इंजिन, बहुधा जपानहून आलेलं. स्वस्त दिसतं. पण जाहिरातीत किलोमीटर असतात आणि कंप्रेशन नसतं. रोटरीत किलोमीटरला फार अर्थ नाही. कमी चाललेलं पण वर्षानुवर्षं पडून राहिलेलं इंजिन काजळीने अडकलेले सील आणि गंजलेल्या प्लेटा घेऊन येतं. आकडे पाहूनच घ्या. आकडे नसतील तर ते इंजिन म्हणजे ‘बांधायला लागणारा कच्चा माल’ असं समजून त्याच भावात मागा.

दुसरं रोटरी इंजिन. विनाटर्बो एफसीमध्ये एफसीचंच टर्बो इंजिन घालणं हा यातला सगळ्यात सरळ मार्ग, अट इतकीच की गिअरबॉक्स, ईसीयू, हार्नेस, फ्युएल पंप हा सगळा संसार एकाच गाडीतून उचलावा. युनोस कॉस्मोमधलं तीन रोटरचं, १,९६२ सीसीचं २०बी खूप जणांना खुणावतं. लांबी वाढते, माउंट आणि रेडिएटरची जागा बदलावी लागते, भाग दुर्मीळ आहेत. ही एकच गाडी असेल आणि ती वापरायची असेल, तर या वाटेला जाऊ नका. रेनेसिस जुन्या आरएक्स-७मध्ये टाकण्याचा विचारही वरवर सोपा वाटतो. त्याचे एक्झॉस्ट पोर्ट साइड प्लेटांमध्ये आहेत, मॅनिफोल्डपासून कंट्रोलपर्यंत सगळंच वेगळं पडतं.

पिस्टन इंजिन. एफडीमध्ये अमेरिकन व्ही-८ टाकणारे कमी नाहीत आणि नीट केलं तर चालतंही. पण ते इंजिन निवडणं राहत नाही, गाडी नव्याने बनवणं होतं. या लेखात ते घेत नाही.

तपासा: इंजिनाचा प्रकार बदलणार असाल तर नोंदणी, धुराची चाचणी आणि विमा या तिन्हींचे नियम आत्ताच विचारून घ्या. इंजिन आल्यावर विचारून उपयोग नाही.

## टप्पा ५: समोरच्या इंजिनाची तपासणी

गाडीत चालू असलेलं इंजिन पाहायला मिळालं तर नशीब. ते पूर्ण गरम करा, बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा चालू करा. थकलेलं रोटरी इंजिन थंड असताना पटकन चालू होऊन फसवतं, गरम असताना मात्र बराच वेळ सेल्फ खातं. विक्रेत्याने तुम्ही यायच्या आधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर थंड चालू होतानाचा धूर लपवायचा असू शकतो. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा.

जमिनीवर पडलेलं इंजिन असेल तर हा क्रम घ्या.

१. हाताने फिरवा. प्लग काढा, पुढच्या पुलीच्या बोल्टला मोठा पाना लावा आणि पुढून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सावकाश फिरवा. शाफ्टचे तीन फेरे म्हणजे रोटरचा एक फेरा. तीन फेऱ्यांत प्रत्येक रोटरच्या भोकातून तीन सारखे फुसकारे यायला हवेत. कुठे अडकलं, खरखरलं किंवा एक फुसकारा गायब झाला तर लिहून ठेवा.

२. एक्झॉस्ट पोर्टमधून पाहा. १२ए आणि आरएक्स-७च्या १३बी इंजिनांत पोर्ट हाउसिंगच्या घेरावर असल्याने मॅनिफोल्ड काढला की एपेक्स सील समोर येतं. टॉर्च धरा, इंजिन फिरवत प्रत्येक सील पोर्टच्या मधोमध आणा आणि लाकडी काडीच्या टोकाने हलकेच दाबा. ते आत जाऊन लगेच वर यायला हवं. काडी दाबल्यावर ढिम्म न हलणारं सील काजळीत अडकलंय. आत जाऊन तिथेच राहणाऱ्याची स्प्रिंग गेली आहे. सीलच्या कोपऱ्यांची टवकं उडालीत का तेही याच वेळी दिसतं. दोन्ही रोटर मिळून सहा सील, एकही सोडू नका. धातूचा स्क्रूड्रायव्हर वापरू नका, क्रोमवर ओरखडा पडतो.

३. रेनेसिस असेल तर ही सोय नाही. एक्झॉस्ट पोर्टमधून साइड सीलच्या कडा आणि काजळी तेवढी दिसते. खालच्या प्लगच्या भोकातून बोअरस्कोप (बारीक कॅमेरा) घाला. वरच्या प्लगचं भोक आत बारीक असतं, त्यातून काही दिसत नाही. हाउसिंगवर उभ्या लाटांसारख्या खुणा किंवा कडेला सोललेला क्रोम शोधा.

४. शाफ्टची पुढे-मागे हालचाल मोजा. फ्लायव्हीलला डायल गेज लावून शाफ्ट पुढे-मागे ढकला. प्रमाण ०.०४ ते ०.०७ मिमी, मर्यादा ०.०९. यापेक्षा जास्त असेल किंवा शाफ्ट हलतच नसेल, तर पुढची बाजू कोणीतरी चुकीची उघडून बसवली असण्याची शक्यता मोठी.

५. पाण्याच्या वाटा पाहा. पंपाचं आवरण काढलं की आतला रंग दिसतो. तपकिरी चिखल आणि पापुद्रे म्हणजे साधं पाणी भरून चालवलेलं इंजिन. सीलच्या खाचेची भिंत अशा गंजाने खाल्ली जाते आणि मग नवं सील टाकूनही पाणी थांबत नाही.

६. तेल काढा. चेंबरचा (तळाच्या तेलाच्या टाकीचा) बोल्ट उघडून तेल पांढऱ्या भांड्यात घ्या. चमचमणारा चुरा किंवा दुधाळ तेल दिसलं तर बोलणी तिथेच थांबवा.

७. डॉवेल पिनभोवती (प्लेटा आणि हाउसिंग एका रेषेत धरणाऱ्या पिनांभोवती) भेगा आहेत का बघा, विशेषतः मागच्या प्लेटवर. जास्त बूस्टवर चाललेल्या टर्बो इंजिनांत त्या पडतात.

सगळं ठीक वाटलं तर बेलहाउसिंग आणि स्टार्टर लावून, दणकट बॅटरी जोडून जमिनीवरच कंप्रेशन टेस्ट घ्या. थंड आणि कोरड्या इंजिनाचे आकडे कमी येणारच. तिथे उंचीपेक्षा सारखेपणा पाहायचा. नुकत्याच बांधलेल्या इंजिनालाही हेच लागू, सील बसायला वेळ लागतो.

सावधान: टेस्टच्या आधी विक्रेत्याने आत भरपूर तेल ओतलं असेल तर आकडे फुगतात. प्लगच्या भोकातून तेल उडताना दिसलं तर ते पूर्ण बाहेर पडेपर्यंत सेल्फ मारून पुन्हा मोजा.

## टप्पा ६: जुळणी

‘१३बी म्हणजे १३बी’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हा.

सगळ्यात महाग चूक काउंटरवेटची, म्हणजे शाफ्टचा तोल साधणाऱ्या वजनाची. रोटरचं वजन मालिकेगणिक बदलत गेलं आणि पुढचं-मागचं काउंटरवेट त्या वजनाला बांधलेलं असतं. मूळ मॅन्युअल फ्लायव्हीलमध्ये मागचं काउंटरवेट ओतीवच असतं. ऑटोमॅटिकमध्ये आणि हलक्या फ्लायव्हीलमागे ते वेगळं बसतं. आपलं जुनं फ्लायव्हील दुसऱ्या मालिकेच्या इंजिनावर लावलं तर सुरुवातीला फक्त थरथर जाणवते, पण उच्च फेऱ्यांवर ती बेअरिंग खाते. नियम सोपा: काउंटरवेट इंजिनासोबतच यायला हवं. फ्लायव्हीलचा नट ५४ मिमीचा आणि भयंकर घट्ट असतो. त्याचा पाना आणि फ्लायव्हील अडकवायची पट्टी आधीच जवळ ठेवा.

दुसरी चूक पुढच्या आवरणाची. एफसीचं इंजिन पहिल्या पिढीत टाकताना पुढचं आवरण, चेंबर आणि माउंट जुन्या गाडीचे लावावे लागतात. ते बदलताना इंजिन मागच्या तोंडावर उभं ठेवा. आडव्या इंजिनाचा पुढचा बोल्ट सैल केला की आतलं थ्रस्ट बेअरिंग घसरतं आणि परत आवळताना चेपतं. टप्पा ५ मधला बिघडलेला आकडा बहुतेकदा इथूनच येतो. आवरणामागची तेलाच्या वाटेची छोटी ओ-रिंगही नवी टाका, ती गेली तर तेलाचा दाब पडतो.

बाकीचं भराभर:

- १९८५ पर्यंतचे एपेक्स सील ३ मिमी, त्यानंतरचे २ मिमी. पाण्याच्या सीलची खाच जुन्या इंजिनांत हाउसिंगमध्ये, १९८६ नंतर साइड प्लेटांमध्ये. दोन काळांची हाउसिंग आणि प्लेटा एकत्र बांधता येत नाहीत.
- ऑइल मीटरिंग पंप १२एपासून एफसीच्या पहिल्या मालिकेपर्यंत यांत्रिक, त्यापुढे इलेक्ट्रॉनिक. ईसीयूला तो सापडला नाही तर गाडी मर्यादित ताकदीवर जाते. पंप काढणार असाल तर पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळणं कायमचं गळ्यात पडतं.
- एफसीच्या सहा-पोर्ट इंजिनात जादा पोर्ट पहिल्या मालिकेत एक्झॉस्टच्या दाबाने, दुसऱ्यात एअर पंपाच्या दाबाने उघडतात. मोकळा सायलेन्सर लावला किंवा एअर पंप फेकून दिला की वरच्या फेऱ्यांतली ताकद जाते आणि दोष नव्या इंजिनाला लागतो.
- एफडीचा क्लच ओढून सुटतो, एफसी टर्बोचा दाबून. गिअरबॉक्स बदलताना हे विसरतं.
- आरएक्स-८ची २००९ नंतरची मालिका प्रत्येक रोटरला तीन ठिकाणी तेल देते, आधीची दोन ठिकाणी. कंट्रोलही वेगळे. इंजिन आणि हार्नेस एकाच मालिकेचे घ्या.

## टप्पा ७: व्यवहार

आता पैसे. पावतीवर किंवा करारावर इंजिनाचा नंबर, सहा बाजूंचे आकडे, टेस्टचा वेग आणि सोबत येणाऱ्या भागांची यादी हवी. ‘पूर्ण इंजिन’ या शब्दात काउंटरवेट, मॅनिफोल्ड, टर्बो, सेन्सर आहेत की नाहीत यावरून भांडणं होतात.

जुनं इंजिन परत देण्याची अट असेल तर ते कोणत्या अवस्थेत स्वीकारणार हे आधी लिहून घ्या. तुमचं हाउसिंग चिरलेलं निघालं तर अनामत कापली जाते. वॉरंटीत दोन गोष्टी शोधा: मजुरी धरली आहे का, आणि ‘तापलं तर वॉरंटी नाही’ ही ओळ आहे का. ती ओळ असणं रास्तच आहे, फक्त तुम्हाला माहीत हवी.

## टप्पा ८: इंजिन आत जाण्याआधी

इंजिन बाहेर असताना जे हाताला येतं ते नंतर येत नाही. टप्पा २ ची यादी काढा आणि त्यातलं सगळं आत्ता संपवा. एफडीमध्ये टर्बोच्या नियंत्रणाच्या कडक झालेल्या व्हॅक्यूम नळ्या एकूण एक बदला. नंतर मॅनिफोल्डखाली हात घालून एकेक शोधणं हा शिक्षेचा प्रकार आहे. क्लच, पायलट बेअरिंग, मागचं ऑइल सील, इंजिन माउंट, इंजेक्टरची सफाई, नवे प्लग. कन्व्हर्टर आरपार दिसतो का ते टॉर्च लावून बघा.

प्लग लावताना खालचे आणि वरचे अदलाबदल करू नका, दोन्हींची उष्णता-श्रेणी वेगळी असू शकते. कॉइलच्या वायरींवर आताच खुणा करा.

तपासा: तापमानाचा खरा आकडा दाखवणारा गेज बसवलाय का? मूळ काटा बराच काळ मधोमध उभा राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो.

## टप्पा ९: पहिली सुरुवात

कूलंट भरून हवा पूर्ण काढा. इंधन आणि इग्निशन तोडून तेलाचा दाब दिसेपर्यंत सेल्फ मारा. मग चालू करा. नव्याने बांधलेलं इंजिन जोडणीतल्या वंगणामुळे धूर काढतं, तो ओसरायला हवा. न ओसरणारा निळा धूर म्हणजे ऑइल रिंग, गोड वासाचा पांढरा म्हणजे कूलंट. पांढरा दिसला तर लगेच बंद.

गरम होऊ द्या, फॅन सुरू होतो का बघा, बंद करा, थंड झाल्यावर कूलंटची पातळी पुन्हा भरा. सुरुवातीच्या किलोमीटरांत फेरे आणि बूस्ट किती ठेवायचे, तेल कोणतं घालायचं, ते बांधणाऱ्याने सांगितलं तसंच पाळा. ते मोडलं तर वॉरंटीही मोडते. टर्बो गाडी असेल तर हवा-पेट्रोलचं मिश्रण मोजल्याशिवाय पूर्ण बूस्ट देऊ नका, जुन्या इंजिनासाठी केलेलं ट्यूनिंग नव्यावर तसंच चालवू नका. पहिलं तेल लवकर बदला आणि फिल्टर कापून आत चुरा आहे का बघा.

सुरुवातीचा काळ संपला की गरम इंजिनावर पुन्हा कंप्रेशन टेस्ट घ्या, वेगासकट. तो कागद आणि टप्पा १ चा कागद एकाच फाइलमध्ये लावून ठेवा.